मशीन चालवत कोण होतं? कोलोसस आणि ब्लेचली पार्कच्या ऑपरेटर मुली

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आज इअरफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी या आठवड्याच्या एपिसोडचा हा लेखी अवतार. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे बघा ना’ थोडे कमी केलेत. सगळे नाही.

आज सुरुवात चुकीच्या कबुलीने. दोन महिन्यांपूर्वी आपण अ‍ॅलन ट्युरिंगवर एपिसोड केला होता. त्यात मी एका दमात बोलून गेलो, ‘ट्युरिंगच्या टीमने कोलोसस नावाचा कॉम्प्युटर बनवला, त्याने जर्मनांचा एनिग्मा कोड फोडला, आणि मशीन चालवायला तिथे बऱ्याच मुली होत्या, त्या फक्त बटणं दाबायच्या.’ एका वाक्यात तीन चुका. पहिल्या दोन तुमच्यापैकी काही जणांनी लगेच दाखवल्या. तिसरी माझ्या मावशीने.

मावशी तार ऑफिसात टेलिप्रिंटर ऑपरेटर होती. आता रिटायर आहे आणि माझे एपिसोड भाजी निवडताना ऐकते. तिचा व्हॉइस मेसेज आला: ‘अरे, फक्त बटणं दाबायच्या म्हणजे काय? मग मी पण एवढी वर्षं फक्त बटणंच दाबली का रे?’ मी सॉरी म्हटलं आणि वाचायला बसलो. तर आजचा एपिसोड त्या वाक्याची दुरुस्ती आहे. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी दोन चुका पटकन निपटू

ब्लेचली पार्क म्हणजे लंडनच्या वायव्येला साधारण ८० किलोमीटरवरची एक जुनी हवेली आणि तिच्या आवारात उभारलेल्या लाकडी, काँक्रीटच्या बराकी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचं कोड फोडण्याचं मुख्य काम इथे चालायचं. एनिग्मा हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण. त्याची पहिली फोड पोलंडच्या गणितज्ञांनी १९३२ सालीच केली होती. मरियन रेयेव्स्की आणि त्याचे दोन सहकारी, ही नावं आपण विसरतो. युद्धात एनिग्मासाठी जे यंत्र ट्युरिंग आणि गॉर्डन वेल्चमन यांनी आखलं त्याचं नाव ‘बॉम्ब’. ते मोटरवर फिरणाऱ्या ड्रमांचं विजेवर चालणारं यंत्र होतं. आपण ज्याला कॉम्प्युटर म्हणतो ते नव्हे.

कोलोससचा एनिग्माशी संबंध नव्हता. तो बनवला टॉमी फ्लॉवर्स या इंजिनिअरने, आणि त्याचं लक्ष्य होतं लॉरेन्झ नावाचं दुसरं जर्मन यंत्र. एनिग्मा सैन्यात सगळीकडे पसरलेला होता, तर लॉरेन्झ होता वरच्या मंडळींसाठी, म्हणजे बर्लिनमधलं सर्वोच्च लष्करी मुख्यालय आणि आघाड्यांवरचे सेनापती यांच्यातली बातचीत. इंग्रजांनी त्याला टोपणनाव ठेवलं ‘टनी’. ट्यूना मासा.

मावशीची पाच भोकांची टेप

टनी समजून घ्यायला मावशी मोलाची निघाली. टेलिप्रिंटरवर कागदाची टेप असायची, आणि टेपवर प्रत्येक अक्षरासाठी पाच जागा. जागेवर भोक पाडलं तर १, नाही पाडलं तर ०. पाच बिट म्हणजे ३२ चिन्हं. ही आंतरराष्ट्रीय पद्धत होती, त्यामुळे जर्मन टेलिप्रिंटर आणि मावशीचा टेलिप्रिंटर एकच भाषा बोलत होते. मावशीला अजूनही काही अक्षरं पाठ आहेत. मी विचारलं, ‘ए?’ ती म्हणाली, ‘पहिली दोन भोकं, पुढे कोरं.’ म्हणजे ११०००.

लॉरेन्झ यंत्र काय करायचं? संदेशाच्या प्रत्येक अक्षरात किल्लीचं एक अक्षर मिसळायचं. मिसळायचं म्हणजे एक्सऑर: दोन बिट सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १. समजा मूळ अक्षर ए, ११०००. किल्लीचं अक्षर बी, १००११. मिसळून आलं ०१०११, जे टेलिप्रिंटरवर जी होतं. पलीकडच्या यंत्राने या जीमध्ये पुन्हा तेच बी मिसळलं की परत ए हातात. सुंदर आहे ना? तुमच्या फोनमधल्या एन्क्रिप्शनच्या पोटातही कुठे ना कुठे ही एक्सऑर बसलेली आहे.

सगळी गोम किल्लीत. किल्लीची अक्षरं कुणालाच ओळखता येणार नाहीत अशी हवीत. लॉरेन्झमध्ये ती १२ चाकं फिरवून तयार व्हायची. चाकांवर मिळून ५०१ पिना, प्रत्येक पिन वर किंवा खाली. कोणती पिन कशी, आणि प्रत्येक चाक कुठून सुरू, हे कळल्याशिवाय संदेश म्हणजे नुसता गोंगाट.

मग एका जर्मन ऑपरेटरने, हो, ऑपरेटरनेच, एक चूक केली. ३० ऑगस्ट १९४१. अथेन्सहून व्हिएन्नाला साधारण ४,००० अक्षरांचा संदेश गेला. पलीकडून उत्तर आलं की नीट मिळाला नाही, परत पाठव. त्याने यंत्र पुन्हा त्याच सेटिंगवर आणलं, जे करायला सक्त मनाई होती, आणि संदेश पुन्हा हाताने टाइप केला. कंटाळा आला असणार. काही शब्द त्याने या वेळी आखडून लिहिले. आता दोन किंचित वेगळे संदेश, किल्ली एकच. दोन्ही सांकेतिक संदेश एकमेकांत मिसळले की किल्ली उडून जाते आणि दोन मूळ संदेशांचं मिश्रण उरतं. जॉन टिल्टमन नावाच्या अधिकाऱ्याने दहा दिवस खपून ते मिश्रण वेगळं केलं आणि त्यातून किल्लीची जवळपास ४,००० अक्षरं बाहेर काढली.

ती अक्षरं बिल टट नावाच्या तरुणाकडे गेली. मूळचा रसायनशास्त्राचा, पुढे गणिताकडे वळलेला. त्याने किल्लीचा फक्त पहिला बिट घेतला, वहीवर ओळींमध्ये मांडत बसला, आणि ४१ च्या अंतराने काहीतरी परत येतंय हे त्याला दिसलं. म्हणजे ४१ पिनांचं एक चाक असणार. जानेवारी १९४२ पर्यंत त्याने आणि सहकाऱ्यांनी बाराच्या बारा चाकांची रचना कागदावर उभी केली. यंत्र तोवर एकाही इंग्रजाने डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. डॉक्युमेंटेशन नसलेल्या जुन्या सिस्टिमचा फक्त आउटपुट बघून तिचं डिझाइन ओळखायचं, असं काम माझ्या वाट्याला एकदा आलं होतं. मी तिसऱ्या दिवशी हात टेकले होते.

मोजणीचं काम

रचना कळली, पण रोजच्या संदेशांसाठी चाकं कुठून सुरू झाली ते शोधायचं कसं? टटनेच वाट काढली. लॉरेन्झमध्ये प्रत्येक बिटाला दोन चाकं होती. एक दर अक्षराला इमाने एक घर पुढे सरकणारं. दुसरं कधी सरकणारं, कधी अडून बसणारं, आणि अडायची तर अशी पाचही चाकं एकदम अडायची. डिझाइन करणाऱ्याला वाटलं असणार, या अडखळण्याने गुंता वाढेल. झालं उलटं. चाकं अडतात तेव्हा त्यांचा परिणाम लागोपाठच्या दोन अक्षरांत सारखाच राहतो, म्हणून शेजारशेजारची अक्षरं एकमेकांत मिसळली की तो उडून जातो, आणि इमानी चाकांचा ठसा अंधुकसा वर येतो.

अंधुकसा म्हणजे किती? पहिल्या दोन बिटांची इमानी चाकं ४१ आणि ३१ पिनांची. त्यांच्या जोड्या ४१ गुणिले ३१, म्हणजे १,२७१. समजा संदेश १०,००० अक्षरांचा आहे. चुकीच्या जोडीवर तपासलं तर साधारण ५,००० ठिकाणी शून्य येणार, नाणं उडवल्यासारखं. बरोबर जोडीवर मात्र ५,५०० च्या आसपास. म्हणजे अख्खा संदेश १,२७१ वेळा वाचायचा, दर वेळी मोजायचं, आणि कोणता आकडा गर्दीतून डोकं वर काढतोय ते बघायचं. हाताने केलं तर युद्ध संपेल, काम संपणार नाही.

मॅक्स न्यूमन या गणितज्ञाने यासाठी यंत्र मागितलं. १९४३ च्या जूनमध्ये पहिलं आलं. त्याचं नाव हीथ रॉबिन्सन, विचित्र यंत्रांची चित्रं काढणाऱ्या एका व्यंगचित्रकारावरून ठेवलेलं. त्यात कागदाच्या दोन टेपा एकाच वेळी पळवाव्या लागत. एकीवर संदेश, दुसरीवर चाकांचे नमुने. कागद ताणला जायचा, दोघींचा ताळ सुटायचा, मोजणी बिघडायची.

टॉमी फ्लॉवर्स हा लंडनच्या पूर्व भागातल्या गवंड्याचा मुलगा, ब्रिटिश पोस्ट ऑफिसच्या डॉलिस हिल इथल्या संशोधन केंद्रात इंजिनिअर. तो म्हणाला, दुसरी टेप हवीच कशाला? चाकांचे नमुने इलेक्ट्रॉनिक सर्किटमध्ये तयार करू. त्यासाठी व्हॉल्व्ह लागणार होते, जुन्या रेडिओत लाल चमकायचे ते. दीडेक हजार. ब्लेचलीतल्या बऱ्याच जणांना हे वेडेपण वाटलं, कारण व्हॉल्व्ह सारखे उडतात हा सगळ्यांचा अनुभव. फ्लॉवर्सने युद्धाआधी टेलिफोन एक्स्चेंजसाठी हजारो व्हॉल्व्ह वापरले होते. त्याला माहीत होतं, व्हॉल्व्ह उडतात ते चालू-बंद करताना. एकदा चालू केलं की बंदच करू नका, वर्षानुवर्षं चालतील.

न्यूमनच्या लोकांनी रॉबिन्सनवरच भर दिला. फ्लॉवर्सने डॉलिस हिलमध्ये आपल्या साहेबाच्या पाठिंब्यावर काम सुरू केलं, स्वतःचे पैसेही घातले. साधारण अकरा महिन्यांत यंत्र उभं राहिलं. जानेवारी १९४४ मध्ये ते ब्लेचलीला आलं आणि ५ फेब्रुवारीला त्याने पहिल्या खऱ्या संदेशावर काम केलं. हा कोलोसस. टेप सेकंदाला ५,००० अक्षरं या वेगाने वाचायचा, म्हणजे कागदाची पट्टी ताशी ४० किलोमीटरच्या वर पळायची. चाचणीत त्यांनी वेग ९,७०० पर्यंत नेला, तेव्हा टेपच्या चिंध्या झाल्या. म्हणून ५,०००. आपली १०,००० अक्षरांची टेप एका फेरीला दोन सेकंद, १,२७१ फेऱ्यांना पाऊण तासाच्या आत. १ जून १९४४ ला त्याची सुधारित आवृत्ती चालू झाली, २,४०० व्हॉल्व्हची, पाच मोजण्या एकदम करणारी. पाच दिवसांनी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरल्या. युद्ध संपेपर्यंत असे दहा कोलोसस तिथे चालू होते.

इथवरची गोष्ट बहुतेक ठिकाणी सापडते. टट, न्यूमन, फ्लॉवर्स. मग मावशीचा प्रश्न. ही दहा यंत्रं चोवीस तास चालवत कोण होतं?

खोलीतल्या मुली

न्यूमनच्या विभागाचा युद्धाच्या शेवटचा आकडा असा: पुरुष २७, बायका २७२.

या सगळ्या ‘रेन’ होत्या, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या महिला दलातल्या. दलाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून हा शब्द पडला, आणि तो एका चिमुकल्या पक्ष्याचंही नाव आहे. बहुतेकींचं वय अठरा ते बावीस. बऱ्याच जणींना वाटलं होतं नौदल म्हणजे समुद्र, जहाजं. मिळालं काय, तर समुद्रापासून लांब आणि खिडकीबाहेर शेतं. त्यातल्या अनेक जणींचा मुक्काम वोबर्न अ‍ॅबी नावाच्या सरदारी वाड्यात होता. तिथून बसने ड्युटीवर. ड्युटी तीन पाळ्यांत. मशीन बंद करायचं नाही म्हटल्यावर रात्रपाळी आलीच. माझी ऑन-कॉलची रात्र म्हणजे उशाशी फोन आणि अर्धवट झोप. त्यांची म्हणजे हजारो तापलेल्या व्हॉल्व्हच्या खोलीत उभ्याने तासन्‌तास.

निवड मुलाखतीतून व्हायची. गणिताची पदवी कुणी मागत नव्हतं. आल्यावर थोडं प्रशिक्षण: पाच बिटांची अक्षरं तोंडपाठ, टनी यंत्र कसं चालतं, आणि मग परीक्षा. विचार करा, शाळा संपवून आलेली मुलगी महिन्याभरात बिटांची बेरीज डोक्यात करायला लागते. मला हे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात शिकवलं होतं, आणि ते परीक्षेपुरतंच राहिलं.

आता ‘बटणं दाबणं’ म्हणजे नक्की काय ते बघू.

आधी टेप. संदेशाच्या टेपची दोन्ही टोकं जोडून तिची गोल माळ करायची, कारण ती हजारदा फिरणार. जोड खास डिंकाने, गरम चिमट्यात दाबून द्यायचा. जोड जाड झाला तर टेप अडकणार, कच्चा राहिला तर फाटणार, भोकावर डिंक गेला तर मोजणी चुकणार. ताशी ४० किलोमीटरने पळणारा कागद फाटला की खोलीभर तुकडे. हे मावशीला वाचून दाखवलं तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, ‘टेप जोडणं ज्याला येतं त्यालाच येतं.’

मग ही माळ कप्प्यांच्या सांगाड्यावर चढवायची. पलंगाच्या लोखंडी चौकटीसारखा दिसायचा म्हणून त्याचं नावच ‘पलंग’ पडलं होतं. ताण किती ठेवायचा हे हाताला कळायला हवं. टेप उलटी चढली तर सगळं वाया. एक टेप पळत असताना शेजारी दुसरी चढवून ठेवायची, म्हणजे मशीन रिकामं राहत नाही.

त्यानंतर पॅनल. कोलोससमध्ये प्रोग्राम साठवायची सोय नव्हती. कोणते बिट मिसळायचे, कोणत्या अटीवर मोजायचं, हे सगळं स्विच आणि प्लगच्या वायरींनी मांडायचं. आज आपण एडिटरमध्ये जे लिहितो ते त्या हाताने जोडत होत्या. मग एक मर्यादा लावायची: अमुक आकड्यापेक्षा मोजणी जास्त आली तरच टाइपरायटरने छापावं. मर्यादा कमी ठेवली तर कागदांचा ढीग, जास्त ठेवली तर खरं उत्तर गाळणीतून निसटणार. सर्व्हरचे अलर्ट ज्यांनी लावलेत त्यांना ही कसरत चांगली माहीत आहे.

आणि मग मुख्य गोष्ट. छापून आलेल्या आकड्यांवरून पुढे काय करायचं? हा आकडा खरा वर आलाय की योगायोग? पहिली दोन चाकं सापडली असं धरून तिसऱ्याकडे जायचं की वेगळ्या बिटांनी परत तपासायचं? सुरुवातीला हे निर्णय शेजारी बसलेला गणितज्ञ घ्यायचा आणि रेन त्याप्रमाणे स्विच लावायची. पण संदेश वाढले, मशिनं वाढली, गणितज्ञ पुरेनात. मग नेहमीच्या कामासाठी फांद्याफांद्यांचे तक्ते बनवले गेले. असा आकडा आला तर ही वाट, तसा आला तर ती. त्या तक्त्यांवर मुली अख्खं काम स्वतः चालवू लागल्या.

यावर कुणी म्हणेल, तक्ता तर होता, डोकं कुठे लागलं? मी रोज रनबुक उघडून काम करतो. रात्री तीनला तक्त्यात नसलेलं काहीतरी समोर येतंच, आणि तेव्हा साहेबाला उठवायचं की नाही हाही एक निर्णय असतो. माझ्या पदाच्या नावात ‘इंजिनिअर’ आहे, त्यांच्या पदाच्या नावात ‘ऑपरेटर’ होतं. काम मांडून बघितलं तर मला फार फरक दिसत नाही.

अजून एक गैरसमज. कोलोससमधून संदेश वाचायला मिळत नव्हता. तो फक्त इमानी चाकांची जागा सांगायचा. त्याआधी केंट परगण्यातल्या नॉकहोल्टला रेडिओवर संदेश पकडले जायचे. तिथे बायका कागदाच्या पट्टीवरच्या नागमोडी रेघा डोळ्यांनी वाचून त्यांची अक्षरं करायच्या. एक अक्षर सुटलं तर पुढचं सगळं सरकणार. कोलोससनंतर राल्फ टेस्टरच्या विभागात भाषातज्ज्ञ उरलेली चाकं हाताने सोडवायचे, आणि मग लॉरेन्झची नक्कल करणाऱ्या यंत्रावर सेनेच्या महिला दलातल्या मुली सेटिंग लावून संदेश टाइप करायच्या. तेव्हा कुठे जर्मन मजकूर दिसायचा. कोलोससवरच्या मुलींना तो मजकूर कधीच दिसला नाही. त्यांच्यापुढे फक्त आकडे. आपण मोजलेल्या आकड्यामुळे कुठे काय घडलं हे त्यांना सांगितलं जात नव्हतं.

एनिग्माच्या बॉम्ब यंत्रांवरही रेनच होत्या. एकूण ब्लेचलीतल्या माणसांपैकी साधारण तीन चतुर्थांश बायका. आणि सगळ्या ऑपरेटर नव्हत्या बरं का. जोन क्लार्क ही केंब्रिजची गणितज्ञ ट्युरिंगच्या बरोबरीने नौदलाचा एनिग्मा फोडत होती. पण बाईला त्या कामाची बढती द्यायला नियमात पदच नव्हतं, म्हणून तिला कागदोपत्री ‘भाषातज्ज्ञ’ केलं. एकही परकी भाषा येत नसताना.

मग सगळं गप्प

युद्ध संपलं. दहापैकी आठ कोलोसस मोडून टाकले. उरलेले दोन गुप्तहेर खात्याने ठेवले आणि १९६० च्या सुमारास तेही मोडले. फ्लॉवर्सला कागद नष्ट करायचा हुकूम आला. त्याने स्वतःच्या हाताने आराखडे डॉलिस हिलच्या भट्टीत टाकले. सरकारने त्याला १,००० पौंड दिले. त्याने पदरचे घातलेले पैसेही त्यात पुरते निघाले नाहीत.

मुलींनी गुप्ततेच्या कायद्यावर सही केली होती. घरी जाताना सांगितलं गेलं, कुणालाही काही बोलायचं नाही. त्या बोलल्या नाहीत. तीस वर्षं. लग्नं झाली, मुलं झाली, ‘युद्धात तू काय केलंस गं?’ असं विचारल्यावर ‘ऑफिसात काम केलं’ एवढंच उत्तर. नोकरी शोधताना अनुभवाच्या रकान्यात काय लिहायचं? जगातल्या पहिल्या इलेक्ट्रॉनिक डिजिटल यंत्रांपैकी एक चालवलं, हे लिहिता येत नव्हतं. १९४६ मध्ये अमेरिकेत एनिअ‍ॅक जगापुढे आला आणि पुढची कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत पहिल्या कॉम्प्युटरचा मान त्याच्याकडेच राहिला. माझ्या शाळेच्या पुस्तकातही तेच होतं. गंमत म्हणजे एनिअ‍ॅकचं प्रोग्रामिंगही सहा बायकांनी केलं, आणि समारंभाच्या बातम्यांत त्यांचंही नाव नव्हतं.

१९७५ मध्ये कोलोससचे फोटो पहिल्यांदा सरकारी कुलपातून बाहेर आले. त्यातल्या सगळ्यात प्रसिद्ध फोटोत मशीनसमोर दोघी आहेत, डोरोथी दु बॉइसन आणि एल्सी बुकर. आणि कॅथरीन कॉघी. ती कोलोससवर होती. तिचा नवरा त्याच १९७५ साली वारला, आपल्या बायकोने युद्धात काय केलं हे न कळताच. तिने पुढे लिहिलं आहे की ही सल मनात राहिली. मी हे रेकॉर्ड करताना दोनदा थांबलो. गुपित सांभाळल्याबद्दल या लोकांचं कौतुक सगळे करतात. पण युद्ध संपल्यावर एवढी वर्षं त्यांना गप्प ठेवण्याची गरज होती का, हा प्रश्न विचारायला हवा असं मला वाटतं. ज्याच्याकडे पुढे प्राध्यापकी होती, मानमरातब होता, त्याला ते मौन कमी महाग पडलं. जिच्याकडे दाखवायला दुसरं काहीच नव्हतं तिला जास्त.

शब्दाची किंमत पगारातही दिसते. ब्रिटिश सरकारी नोकरीत १९५५ मध्ये स्त्री-पुरुष समान वेतन टप्प्याटप्प्याने आणायचं ठरलं. मशीन ऑपरेटरच्या श्रेणींना त्यातून वगळलं. कारण काय, तर त्या श्रेणींत जवळपास सगळ्या बायकाच, मग बरोबरी करायची कुणाशी? हे मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, ‘बघ, म्हणून मी चिडले होते.’

पुन्हा उभा केलेला कोलोसस

१९९३ मध्ये टोनी सेल नावाच्या इंजिनिअरने ठरवलं की कोलोसस पुन्हा बांधायचा. हाताशी काय होतं? थोडे फोटो, आणि काही जुन्या इंजिनिअरांनी हुकूम मोडून घरी लपवून ठेवलेले सर्किटचे कागद. सगळ्यांनी सगळं जाळलं नव्हतं, बरं झालं. १९९६ मध्ये पहिला भाग चालू झाला, २००७ मध्ये पूर्ण यंत्र. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी स्पर्धा ठेवली: जर्मनीहून लॉरेन्झमध्ये गुंडाळलेला संदेश रेडिओवर येणार, कोलोसस आणि जगभरचे हौशी लोक तो एकाच वेळी फोडणार. जिंकला बॉनचा एक सॉफ्टवेअरवाला, योआखिम श्युथ. त्याच्या लॅपटॉपला चाकांची जागा शोधायला ४६ सेकंद लागली. कोलोससला साडेतीन तास. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या डिझाइनसाठी मला हा पराभव अजिबात वाईट वाटत नाही.

ते यंत्र ब्लेचली पार्कच्याच आवारात, नॅशनल म्युझियम ऑफ कम्प्युटिंगमध्ये बघायला मिळतं. कुणी तिकडे शिकायला किंवा कामाला असाल तर लंडनहून ट्रेनने तासाभराच्या आत ब्लेचली स्टेशन येतं, आणि तिथून म्युझियम चालत जाण्याइतकं जवळ आहे. गेलात तर टेपचा सांगाडा पळताना त्याचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून मला पाठवा. मावशीला ऐकवायचा आहे.

जुन्या एपिसोडमधलं ते वाक्य मी कापून टाकलंय, त्याजागी आता माझा माफीनामा ऐकू येतो. पुढच्या आठवड्यात एनिअ‍ॅकच्या त्या सहा जणी.